मानशीवरची बाई

चोडणच्या धक्क्याला फेरी लागली
आणि तिच्यातून टेंपो उतरला, मग दुसरा, मग जनरेटर,
मग पणजीचा सावियो, छत्री सांभाळत.
म्हणाला, मावशी, तो जुना भुताचा पिक्चर
आता टीव्हीवर येतोय. नव्यानं. दहा भागांत.
मी भजी काढत होते. म्हटलं, दहा?
अख्खा पिक्चर दीड तासाचा,
त्यात भूत दिसायचं अकरा सेकंद.

ती अकरा सेकंद माझी आई.

हिरॉईन चिखलात पाय घालेना.
मग मानशीपाशी तिसऱ्या वेचणाऱ्या बायांतून
कुणीतरी बोट केलं चंद्रावळीकडे.
पांढरं लुगडं, बारा रुपये आणि जेवण.
पाठमोरी चाल, म्हणाले, वळू नकोस,
काही झालं तरी वळू नकोस.

म्हापशाच्या थिएटरात म्हणे माणसं ओरडली.
पेडण्याचा एक दांडगा गडी
तीन रात्री कंदील लावून निजला.
माणूस असा चालत नाही, म्हणायचे,
ती पाय टाकते, की पाणीच तिला पुढे सरकवतं?

मी पाहिलेलं नाही.
दूरदर्शनवर एकदा लागला होता, कॉन्सेसांवच्या घरी,
आम्ही दोघी दाराशी उभ्या.
मानस आली, धुकं आलं, आणि वीज गेली.
काळोखात आई म्हणाली,
आत्ता मी चालत असेन.

आता डब्यातली रीळं सुकटीसारखी आकसलीत,
उघडलं की आंबूस वास, बाकी काही नाही.

सावियोबरोबरची लेखिका समजावून सांगते:
चौथ्या भागात तिचा चेहरा,
सहाव्यात नवरा, आठव्यात खून,
नवव्यात कळतं, तिचं काहीच चुकलं नव्हतं.
मी विचारलं, मग दहाव्यात घाबरायचं कुणी?
तिनं ते वहीत लिहून घेतलं.

राग नाही आला मला, खोटं कशाला बोलू.
आमच्या देवचारालासुद्धा नवी वाहाण लागते,
शीव राखत रात्रभर चालतो, जुनी झिजते.
भीतीलाही लागत असेल.
पण वाहाण बदलतात. पाय कुठून आणणार?

ते पाय देवांगीकडे नव्हते.
नवी पोर, चांगली पोर. आधी रॅम्पवर चालावं तशी चालली,
मग मान वाकडी करून, मग केस पुढे घेऊन.
संध्याकाळी दुकानात आली, गुडघ्यापर्यंत चिखल,
सोडा मागितला. मावशी, कशी चालायची हो तुमची आई?

कुणाला सांगितलं नव्हतं ते तिला सांगितलं.
सातवा महिना होता.
लुगड्याआड मी होते.
टाचेआधी बोटं टेकवायची, शेवाळ चाचपत,
एक हात पुढे, पोटाखाली. तो कॅमेऱ्याला दिसत नव्हता.
वळली असती तर थिएटरात कुणी ओरडलं नसतं,
कुणीतरी उठून जागा दिली असती.

देवांगी बराच वेळ गप्प.
मग तिनं पाच किलो उकडे तांदूळ तोलून घेतले,
ओढणीनं पोटाशी बांधले
आणि भरतीच्या आधी मानशीवर गेली.

जनरेटर घरघरला. कुणीतरी धूर सोडला.
कढईत भजी करपत होती, मी गॅस बंद केला नाही.

ती चालली.

अंगावर काटा आला माझ्या, मानेपासून खाली पोटऱ्यांपर्यंत.
एक, दोन, तीन, मी मोजत होते,
सातला तिचा पाय किंचित सरकला,
आणि अख्ख्या गावासमोर मी ओरडले:
अगे सांभाळून, तिथं शेवाळ आहे!

ती वळली.

टेक वाया गेला.